तुमचे प्रश्न: दर्भाचं टोक आणि हरणाचं पाडस

गेल्या अंकात आम्ही संस्कृत काव्य-नाटकांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, आणि खरंच खूप पत्रं आली, मेल आले, काहींनी तर व्हॉइस नोट पाठवल्या. सगळ्यांना उत्तर देणं एका अंकात शक्य नाही म्हणून सहा प्रश्न घेतलेत. एक-दोन उत्तरं लांबली आहेत, पण ती लांबायलाच हवी होती.

सांगलीहून एक वाचक: मॅडम, आमच्याकडे संस्कृत म्हणजे रामरक्षा, अथर्वशीर्ष आणि सत्यनारायण. मुलगा अकरावीत आहे, तो म्हणतो ही फक्त पूजेची भाषा आहे. मला उत्तर देता आलं नाही. देवाधर्माशिवाय काही आहे का संस्कृतात?

आहे की, भरपूर आहे. पण मी तुम्हाला "हे धार्मिक, हे बिगरधार्मिक" अशा दोन टोपल्या करून देणार नाही कारण तशा टोपल्या तिथे होतच नाहीत. शूद्रकाचं मृच्छकटिक हे नाटक घ्या, त्याचा तिसरा अंक. रात्रीची वेळ आहे, शर्विलक नावाचा एक ब्राह्मण चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडायला आलाय. आणि तो चोरी कशी करतो तर अगदी शास्त्रोक्त! कार्तिकेयाला नमस्कारही करतो, कारण कार्तिकेय हा चोरांचा देव. आधी भिंत तपासतो. भाजलेली वीट असेल तर ओढून काढायची, कच्ची असेल तर कापायची, मातीची भिंत असेल तर पाणी मारायचं आणि लाकडाची असेल तर फोडायची. मग भगदाडाचा आकार कोणता करावा याचा विचार चालतो: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ... आणि भाजक्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभ शोभेल असं ठरवतो. मोजायला बघतो तर मोजायची दोरी घरीच विसरलेला. मग काय, गळ्यातलं जानवं काढतो आणि त्यानेच माप घेतो, वर म्हणतो की जानवं ही ब्राह्मणाच्या मोठ्या उपयोगाची वस्तू आहे.

आता हे धार्मिक का? नाही, चोरीचा सीन आहे. पण स्वस्तिक, कलश, जानवं, कार्तिकेय हे सगळं बाजूला काढलं तर त्या सीनमध्ये काही उरतच नाही. संस्कृत साहित्याची धर्मात रुजलेली मुळं म्हणतात ती मला अशा ठिकाणी दिसतात. नुसत्या मंगलाचरणात शोधली तर हाती थोडंच लागेल. मुलाला हा अंक वाचायला द्या, मराठीतून दिला तरी चालेल.

आणि एक, ही मुळं फक्त एकाच धर्मातली नाहीत हेही त्याला सांगा. सातव्या शतकातल्या हर्षाचं नागानंद नाटक सुरू होतं बुद्धाला नमस्कार करून, आणि शेवटी मेलेल्या नायकाला जिवंत कोण करतं तर गौरी, आपल्या कमंडलूतलं पाणी शिंपडून. हे दोन्ही एकाच नाटकात आहे, आणि नाटककाराला त्यात काही जोडकाम करावं लागलंय असं वाचताना कुठेच वाटत नाही.

डोंबिवलीहून एक वाचक: शाकुंतल कॉलेजात शिकले तेव्हा आवडलं होतं. आता मुलीसोबत परत वाचलं तर ती भडकली. म्हणाली, राजा लग्न करून विसरतो, आणि दोष कुणाचा तर शापाचा? महाभारतातली शकुंतला वेगळी आहे असं ऐकलंय. कालिदासाने राजाला वाचवलं का?

ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न अगदी बरोबर जागी बसलाय. अभ्यासकसुद्धा यावर वर्षानुवर्षं बोलत आलेत.

आधी महाभारत. आदिपर्वात ही कथा आहे आणि तिथे अंगठी नाही, दुर्वास नाही, शाप नाही, मासा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती केली तीत ही गोष्ट सलग वाचायला मिळते, एकदा जरूर वाचा. तिथली शकुंतला लग्नाआधीच राजाला अट घालते, माझा मुलगाच गादीवर बसेल हे कबूल कर. मुलगा सहा वर्षांचा होतो, राजाकडून बोलावणं नाही, मग ती त्याला घेऊन दरबारात जाते. राजाला सगळं आठवतंय, तरी तो म्हणतो मी तुला ओळखत नाही. आणि मग ती जे बोलते ना! "राजन् सर्षपमात्राणि परच्छिद्राणि पश्यसि, आत्मनो बिल्वमात्राणि पश्यन्नपि न पश्यसि", म्हणजे दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात आणि स्वतःचे बेलफळाएवढे डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत. भर दरबारात, राजाच्या तोंडावर. शेवटी आकाशवाणी होते, मुलगा तुझाच आहे, त्याचं भरण कर (भरत हे नाव तिथूनच), आणि राजा म्हणतो मला माहीतच होतं, पण नुसत्या हिच्या शब्दावर घेतलं असतं तर लोकांना संशय आला असता.

ही बाई मला फार आवडते, उघड सांगते. पण कालिदासाने तिला गप्प केलं आणि राजाला क्लीन चिट दिली एवढंच म्हणून थांबलो तर नाटक आपल्या हातून निसटतं. शाप तो कुठे आणतो बघा. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला मैत्रिणी फुलं तोडतायत, शकुंतला झोपडीत एकटी, मन नवऱ्याकडे. दारात आवाज येतो, "अयमहं भोः", मी आलोय. तिला ऐकूच येत नाही. आश्रमात राहणाऱ्या मुलीचं पहिलं काम काय तर आलेल्या अतिथीला उठून पाणी देणं, तिला वाढवणारे कण्व ऋषी नसताना तर ती जबाबदारी तिच्यावरच होती. दुर्वास म्हणतात, ज्याच्या विचारात तू मला ओळखलं नाहीस तो तुला ओळखणार नाही, "कथां प्रमत्तः प्रथमं कृतामिव", नशेत असलेल्या माणसाला आपण आधी काय बोललो ते आठवत नाही तसं. म्हणजे राजाच्या डोक्यातून निघालेली गोष्ट कवीने अतिथीधर्माच्या जाळ्यात नेऊन ठेवली. शिक्षा गुन्ह्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, हे मलाही सलतं, आणि मला वाटतं कवीलाही सलत असावं कारण शाप शकुंतलेला कळतच नाही, तो फक्त दोन मैत्रिणींना आणि आपल्याला माहीत असतो. दरबारात ती उभी असते तेव्हा आपण प्रेक्षक म्हणून तिच्याहून जास्त जाणत असतो आणि काही करू शकत नाही.

आणि राजा धुतल्या तांदळासारखा दाखवलाय का? पाचव्या अंकाच्या सुरुवातीलाच पडद्यामागून हंसपदिका नावाची राणी गाते. नव्या मधाला चटावलेल्या भुंग्या, आंब्याच्या मोहोराचं चुंबन घेऊन आता कमळात जाऊन बसलास आणि त्याला विसरलास कसा? हे गाणं शकुंतलेचं नाही, आधीच विसरल्या गेलेल्या एका बायकोचं आहे. शाप नसतानाही हा माणूस बायकांना विसरत होता हे कालिदासाने शकुंतला दरबारात पाऊल टाकायच्या आधीच आपल्या कानावर घातलंय. लेकीला ते गाणं परत वाचायला सांगा.

आता मला ज्यासाठी हे उत्तर लांबवायचं होतं ती जागा. निरोपाचा प्रसंग. शकुंतला निघते, कुणीतरी मागून पदर ओढतंय असं तिला वाटतं, वळून बघते तर हरणाचं पाडस. कण्व तिला सांगतात की याचं तोंड दर्भाच्या टोकाने फाटलं होतं तेव्हा तू त्याला हिंगणबेटाचं तेल लावून बरं केलंस, मुठीमुठीने सावा भरवून वाढवलंस, तोच हा तुझा मानसपुत्र तुझी वाट सोडत नाहीये. "कुशसूचिविद्धे" हा शब्द तिथे आहे, कुशाची सुई टोचलेलं तोंड. कुश म्हणजे दर्भच. आपल्याकडे गुरुजी श्राद्धाला, मुंजीला बोटात ज्याचं पवित्रक घालतात तो. आश्रमात तो यज्ञासाठी आणून ठेवलेला असणार, आसपास उगवलेला असणार, त्यात एक पोरकं पाडस तोंड घालतं आणि त्याला जखम होते, ती जखम एक मुलगी बरी करते. यज्ञातली वस्तू कवीने उचलून थेट हरणाच्या तोंडाशी नेली. धर्मातून साहित्य कसं उगवतं असं कुणी विचारलं की मी हाच श्लोक दाखवते, गेली पंचवीस वर्षं दाखवतेय.

एका गोष्टीत मी कालिदासाशी सहमत नाही तेही लिहिते. त्याच अंकाच्या शेवटी कण्व म्हणतात "अर्थो हि कन्या परकीय एव", मुलगी म्हणजे दुसऱ्याची ठेव, ती परत केली आणि माझा जीव हलका झाला. अजूनही लग्नपत्रिकेवर कुणीतरी ही ओळ छापतं. ज्या बापाला निरोपाच्या सुरुवातीला "आज शकुंतला जाणार" म्हणून कंठ दाटून बोलता येत नव्हतं त्याने शेवटी स्वतःची घातलेली ती समजूत आहे, असं मी ते वाचते. पत्रिकेवर छापायची ती ओळ नाही.

नागपूरहून एक वाचक: मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेकच ना? ऑफिसात एकाशी वाद झाला, तो म्हणतो छत्तीसगडमधलं रामगड. आणि आषाढाचा पहिलाच दिवस का?

छत्तीसगडच्या सरगुजातल्या रामगडाच्या बाजूनेही काही अभ्यासकांनी लिहिलंय, त्यामुळे तुमचे मित्र हवेतून बोलत नाहीयेत. पण माझा कौल रामटेकला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी रामटेकची बाजू फार नेटाने मांडली. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता विदर्भातल्या वाकाटक राजघराण्यात दिली होती, नवरा गेल्यावर मुलांच्या नावाने तिनेच कारभार पाहिला आणि त्यांची राजधानी नंदिवर्धन रामटेकच्या जवळच होती. तिचा रिद्धपूरचा ताम्रपट "रामगिरिस्वामिनः पादमूलात्" दिलेला आहे, रामगिरीच्या स्वामीच्या पायांशी बसून. आणि मेघदूतात शापामुळे बायकोपासून दूर रामगिरीवर राहणारा यक्ष ढगाला सांगतो की या डोंगराच्या उतारांवर रघुपतीची पावलं उमटलीत, लोक त्यांना वंदन करतात. पादमूल आणि पावलं, हे जुळणं मला नुसता योगायोग वाटत नाही. रामटेकला आता कालिदासाचं स्मारक आहे, त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ १९९७ मध्ये झालं, पावसाळ्यात गड चढून जा एकदा, खालच्या तलावांवर ढग उतरतात ते बघा.

आता आषाढ. सगळे "आषाढस्य प्रथमदिवसे" पाठ म्हणतात पण तारखेचं उत्तर शेवटाकडे आहे. यक्ष बायकोला निरोप देतो: "शापान्तो मे भुजगशयनादुत्थिते शार्ङ्गपाणौ", शेषावर झोपलेला विष्णू उठेल तेव्हा माझा शाप संपेल, "शेषान्मासान् गमय चतुरो लोचने मीलयित्वा", उरलेले चार महिने डोळे मिटून काढ. कळलं ना, हा आपला चातुर्मास आहे! आषाढीला देव झोपणार, कार्तिकीला उठणार. माझी आजी कांदेनवमीला पोटभर कांदाभजी खाऊन कांदा, लसूण, वांगं बंद करायची ते थेट कार्तिकीपर्यंत, आणि पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांचं वर्षसुद्धा याच दोन एकादशांना बांधलेलं. यक्षाने विरह मोजायला घेतलं तेच कॅलेंडर आहे. देव झोपलाय तोवर आपणही डोळे मिटून घेऊ, तो जागा झाला की आपण भेटू, असं तो बायकोला सांगतोय.

बारकाईने मोजणाऱ्यांना इथे शंका येते. आषाढ शुद्ध प्रतिपदेपासून कार्तिकी एकादशी म्हणजे चार महिने दहा दिवस, मग चारच कसे म्हणतो? म्हणून काही टीकाकारांनी "प्रथमदिवसे" ऐवजी "प्रशमदिवसे", म्हणजे आषाढ संपताना, असा पाठ घेतला. कालिदासाचा प्रसिद्ध टीकाकार मल्लिनाथ, त्याने तो नाकारला. मीही मल्लिनाथाच्याच बाजूची, विरहातला माणूस वरचे दहा दिवस बायकोला कशाला मोजून दाखवेल?

फोंड्याहून एक वाचक: संस्कृत नाटकात बायका आणि नोकर प्राकृत का बोलतात? हा उघड भेदभावच नाही का?

भेदभाव आहे, झाकायचं कशाला. मृच्छकटिकातला विदूषक तर म्हणतोच की संस्कृत वाचणारी बाई बघितली की मला हसू येतं. पण तो विदूषक स्वतः ब्राह्मण असून प्राकृतच बोलतो! म्हणजे गणित नुसतं बाई-पुरुष किंवा जात असं सरळ नाही, कोण कुठल्या अधिकाराने बोलतोय यावर ते ठरतं. त्याच नाटकात वसंतसेना, गणिका, पाचव्या अंकात वादळाचं वर्णन करताना सरळ संस्कृतात श्लोक म्हणते. शाकुंतलात प्रियंवदा सगळं नाटकभर प्राकृत बोलते, पण यज्ञशाळेत कण्वांना ऐकू आलेली आकाशवाणी सांगताना मात्र ती संस्कृतात बोलते, नाटकात तशी सूचनाच दिलीय. पोटात अग्नी बाळगणाऱ्या शमीसारखी तुझी मुलगी आहे, असा तो श्लोक. (दसऱ्याला आपण पूजतो तीच शमी.) आणि आपल्या विदर्भातल्या भवभूतीची आत्रेयी बघा, उत्तररामचरितात ती वाल्मीकींच्या आश्रमातून दंडकारण्यात पायी निघते, का तर लव-कुश इतके हुशार की त्यांच्या वर्गात हिचं शिक्षण पुढे सरकेना, म्हणून अगस्त्यांकडे वेदान्त शिकायला. ती संस्कृतच बोलते.

आणि प्राकृत म्हणजे कमी दर्जाची असं तर बिलकुल धरू नका. त्या हंसपदिकेचं गाणं ज्या भाषेत आहे ती महाराष्ट्री. बायका बोलायच्या शौरसेनीत आणि गायची वेळ आली की महाराष्ट्रीत. काव्यशास्त्रकार दंडीने लिहून ठेवलंय, "महाराष्ट्राश्रयां भाषां प्रकृष्टं प्राकृतं विदुः", महाराष्ट्रातली भाषा ही सगळ्यात उत्तम प्राकृत. सातवाहन राजा हालाची गाथासप्तशती याच भाषेतली. पोट्ट म्हणजे पोट, तुप्प म्हणजे तूप, ही आपल्या स्वयंपाकघरातली माणसं आहेत. संस्कृत नाटक बघायला बसलेल्या प्रेक्षकाला सगळ्यात गोड गाणं ऐकू यायचं ते आपल्या भाषेच्या पणजीतून.

नाशिकहून एक वाचक: हरतालिकेला आम्ही पार्वतीची कहाणी वाचतो. कुमारसंभवात तीच कथा आहे का?

पार्वतीचं तप तेच, सांगण्याची तऱ्हा वेगळी. व्रताच्या कहाणीत ती काय खाते, किती कडक राहते याची मोजदाद असते आणि कालिदास तिथून नावं उकलतो. आई म्हणते "उ, मा", अगं नको गं, तप नको करू, त्यावरून ती उमा. पुढे गळून पडलेलं पानसुद्धा खायचं सोडलं म्हणून अपर्णा. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती मागणी घालायला सप्तर्षी आणि अरुंधती हिमालयाकडे येतात तेव्हाची पार्वती. ते लग्नाचं बोलतायत, ही बापाशेजारी मान खाली घालून हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजतेय. "लीलाकमलपत्राणि गणयामास पार्वती". एवढं उग्र तप केलेली मुलगी, आणि आता बघायला पाहुणे आलेत. मग हिमालय उत्तर देण्याआधी बायकोच्या तोंडाकडे बघतो, कारण मुलीच्या बाबतीत संसारी माणसं बायकोच्या डोळ्यांनी बघतात. पुढच्या हरतालिकेला कहाणी झाली की सहाव्या सर्गातला हा भाग मोठ्याने वाचा, बायकांना आवडेल, आमच्याकडे वाचतो आम्ही.

सिंगापूरहून एक वाचक: वय ५२, शाळेत आठवी ते दहावी संस्कृत होतं, आता मूळ वाचायचंय. सुरुवात कुठून करू? अॅपवर रोज वीस श्लोक ऐकतो पण काही राहत नाही.

वीस नको, एक घ्या. रघुवंशाचा पहिला. "वागर्थाविव संपृक्तौ वागर्थप्रतिपत्तये, जगतः पितरौ वन्दे पार्वतीपरमेश्वरौ."

आधी क्रियापद शोधा: वन्दे, मी वंदन करतो. कुणाला? पार्वतीपरमेश्वरौ. ते कोण? जगतः पितरौ. इथे थांबा, पितरौ म्हणजे दोन बाप नव्हेत, आई आणि बाप मिळून एकच शब्द उरलाय, याला एकशेष म्हणतात, शाळेत कधीतरी शिकला असाल. कसे आहेत? वाग् आणि अर्थ यांच्यासारखे जोडलेले, शब्द बाजूला काढला तर अर्थ उरत नाही तसे. वंदन कशासाठी? शब्द आणि अर्थ नीट हाती यावेत म्हणून. म्हणजे कवी देवाकडे पोरंबाळं मागत नाही, धन मागत नाही, मोक्षही मागत नाही, पुढे लिहायचंय त्यासाठी शब्द आणि अर्थ मागतो, आणि ज्यांच्याकडे मागतो त्यांचं नातंही शब्द-अर्थासारखंच आहे असं सांगतो. वाक्य असं उलगडायला तुम्हाला पहिल्या दिवशी अर्धा तास लागेल, लागू दे.

जवळ मो. रा. काळ्यांची टीपांसकटची आवृत्ती आणि वा. शि. आपट्यांचा कोश ठेवा, मल्लिनाथाची टीका काळ्यांच्या आवृत्तीत असतेच, ती पहिल्या महिन्यात कळणार नाही पण डोळ्यांखालून घाला. रोज एक श्लोक, आधी मोठ्याने, मग क्रियापद, मग कर्ता, मग बाकीचं. मेघदूताकडे जाल तेव्हा त्याचं मंदाक्रांता वृत्त थांबे घेत म्हणा, चार, सहा, सात: कश्चित्कान्ता... विरहगुरुणा... स्वाधिकारात्प्रमत्तः. पहिली चार अक्षरं जड, पाय ओढत चालल्यासारखी, मग पाच लघु भराभर पळतात आणि सहाव्यावर अडखळतात. ते कानाला कळलं की अॅप बंद करा आणि पुढची ओळ स्वतः म्हणून बघा. पहिला सर्ग झाला की मला कळवा, दिलीप राजा नंदिनी गाईच्या मागे रानात जातो तो दुसरा सर्ग कसा वाचायचा ते पुढच्या उत्तरात लिहीन.